रेंज गेली नव्हती

कमल सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अक्कलकुव्याच्या बाजारात पत्रकं वाटत होते. ‘रुग्णाला माणूस समजा’, वर ठळक छापलेलं. फोन ठेवला आणि उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली. दुःखाआधी भीती आली, हे लिहूनच टाकते. आदल्या दिवशी त्यांच्या खाटेजवळ मी कशी वागले, ते माझं मलाच माहीत होतं.

सिस्टर आयुष्यभर वॉर्डात राबून निवृत्त झालेल्या. नंतर नर्सिंगच्या मुलींना मोबाईलवरून एकच विषय शिकवायच्या... रुग्णाशी बोलायचं कसं. त्यांची एक खोली, खिडकीत मोबाईल, समोर निळं प्लास्टिकचं स्टूल. त्या स्टुलावर रुग्ण म्हणून मला बसवायच्या, कारण, त्यांच्या अहिराणीत, ‘तू भांडखोर शे, पोरीसले सराव व्हई.’ मुलीनं एकच प्रश्न विचारायचा, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? आणि मग गप्प राहायचं, उत्तर येईपर्यंत. मी ठरल्याप्रमाणे तोंड मिटून घ्यायचे. लगेच पलीकडून कलकलाट, ‘हॅलो, मॅडम, आवाज येतोय का? रेंज गेली वाटतं!’ सिस्टर कपाळाला हात लावायच्या. ‘रेंज नही गई वं माय! बाई घाबरी गई शे. थांब ना जराशी!’ काठी गावाकडची गीता रेंजसाठी टेकडीवर चढून वर्गाला बसायची. ती एकदा म्हणाली, ‘मॅडम, आमच्या बाया डॉक्टरसमोर अशाच गप्प असतात. मराठी बोलताना चुकलं तर हसतील, असं वाटतं त्यांना.’ त्या दिवशी सिस्टरांनी पुढचं काही शिकवलंच नाही.

मला हे सगळं मिळमिळीत वाटायचं. दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही, आणि गप्प काय बसायचं? तसं तोंडावर बोलले. ‘तू ऐकत नही, पत्रक वाची ऱ्हायनी,’ त्या हसून म्हणाल्या.

शेवटच्या भेटीत त्यांना धाप लागली होती. ऑक्सिजनचा मास्क, त्याच्यावर मोठे झालेले डोळे. मी इस्पितळात शिरले ती ओरडतच. मोठे डॉक्टर कुठे आहेत? काय झालंय ते सांगत का नाही? लेखी द्या! सिस्टरांनी माझं मनगट धरलं. ‘बैस...’ मला वाटलं, दमल्यात. ‘तुम्ही बोलू नका, मी बघते,’ म्हणत मी मनगट सोडवलं आणि डॉक्टरांना शोधायला धावले. परतले तेव्हा त्यांना अतिदक्षता विभागात नेलं होतं. जाब विचारला ते चूक नव्हतं, उद्याही विचारीन. पण त्यांना भीती कशाची वाटत होती? ते विचारायला मी बसलेच नाही.

आता त्या ज्या संस्थेतर्फे शिकवायच्या, ती म्हणते, वर्ग बंद. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघा, खालचं बटण दाबा, प्रमाणपत्र घ्या. अहो, व्हिडिओ कुणासाठी थांबतो का? या मुली उद्या वॉर्डात उभ्या राहतील, आणि खाटेवर माझी आई असेल, तुमची असेल.

मुलींनी ऐकलं नाही. सिस्टर गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांनीच वर्ग भरवला. सिस्टरांच्या शेजारणीकडून किल्ली घेऊन मी खोली उघडली, मोबाईल खिडकीत लावला, निळ्या स्टुलावर बसले. गीतानं विचारलं, ‘ताई, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’

मी तोंड उघडलं, पण शब्द येईनात. हे ठरलेलं नव्हतं... पडद्यावर सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. गीताच्या टेकडीवरचा वारा तेवढा ऐकू येत होता. कुणीही ‘हॅलो’ म्हटलं नाही.