कासारनीचा हात

देवाचं अन् माहं कधी जमलंच नाही. देवात खोट नव्हती, खोट माह्यातच. बाकीचे लोक हात जोडले का गंभीर होत, मले हासू येई. भिवसन म्हनजे आमचा ढोरावासराचा देव, शेंदूर फासलेला दगड. त्याच्यापुढे मी एकदा इतका हासलो का बायको म्हनाली, नारळ तुमच्याच डोक्शावर फोडतो.

आनिबानी उठली त्या सालची गोष्ट. दिघोरीजवळ आमचं गाव. धानाचे रोवणे चालू होते, सारं गाव बांधीत वाकलेलं, अन् नेमकी तवाच आमची कारी म्हैस विताना अडली. घरात तेवढं एकच जनावर. तान्ही लेक अंगावरचं दूध सोडून बसली होती, सारं घर कारीच्या दुधाची वाट पाहून राहिलं होतं. पारड्याचा एक पाय बाहेर, दुसऱ्याचा पत्ता नाही. मी हात घालून पाह्यला, पन माहा हात म्हनजे फावडं. कारीनं अशी लाथ देल्ली का मी सीधा गव्हानीत. ढोराचा डाक्टर नाल्यापल्याड, अन् नाल्याले पूर. कारीची मान खाली पडत चालली होती.

बायको म्हनाली, "तुमच्यानं इथं काही होत नाही जी. भिवसनाले तरी सांगून या."

भिवसन तलावाच्या पारीवर, मोहाच्या झाडाखाली. रस्त्यानं दोनदा चिखलात पडलो. देवापुढे उभा राह्यलो तवा मीच हल्यासारखा दिसत होतो. पन त्या दिशी हासू आलं नाही. काय कबूल करावं तेबी सुचेना. कोंबडा म्हनावं तं घरी एकच, तोही लंगडा. शेवटी डोळे मिटून मोठ्यानं बोललो, "देवा, मले मांगता येत नाही. तू फक्त चाल माह्यासंगं."

तेवढ्यात आवाज आला, "कुठं चालाचं हाय, भाऊ?"

मी दचकून दगडालेच मिठी मारली. पाहतो तं झाडामांगं चुड्यांची टोपली घेऊन कासारीन बसलेली. पूर उतराची वाट पाहून राहिली होती. किडकिडी बाई, हात लेकरासारखे लहान. कारीचं सांगितलं तं तिनं टोपली उचलली अन् माह्या पुढंच चालू लागली.

कोठ्यात येऊन तिनं उजव्या हातातल्या चुड्या काढल्या, कोपरापर्यंत जवसाचं तेल लावलं. अंगठा तळहातात मुडपला, बोटं गोळा केली. चुड्या भरताना कासारीन बायांचे हात असेच मुडपते. हात आत गेला अन् ती कारीशी बोलू लागली, "ढील सोड, माय. अंग कडक करू नको. ढील सोड." कारीनं खरंच अंग सैल केलं. कासारीन म्हनाली, गुडघा मुडपला हाय. खूर मुठीत झाकून तिनं पाय हळूच सीधा केला. मंग मले म्हनाली, आता वढ. मी वढलं. पारडू माह्या अंगावर अन् मी शेनात. त्यानं पयली शिंक माह्या तोंडावरच देल्ली.

बायकोनं कासारनीचा मोकळा हात पाह्यला. तिले पाटावर बसवलं, तिच्याच टोपलीतल्या चुड्या घेऊन भरू लागली. सवय नाही, तीन फोडल्या. कासारनीचा हात लाकडासारखा ताठ झाला होता.

बायको म्हनाली, "ढील सोड, माय."

कासारीन रडू लागली. "जल्मभर मी दुसऱ्याचे हात भरले, बाई. माहा हात कोनी धरलाच नव्हता."

पूर उतरला तशी ती गेली. पुन्हा कधी आमच्या वाटेनं आली नाही. ती देवानं धाडली होती का पुरानं अडवली होती, हे माह्यासारख्या अडान्याले काय कळे? कारी वाचली, लेक तिच्या दुधावर वाढली, एवढं खरं. अजूनबी अडलो का मी भिवसनापुढे जातो. मांगत काही नाही. अंगाची ढील सोडतो, हात जोडतो, पन डोळे उघडे ठेवतो. झाडामांगं कोनी बसलं असलं तं दिसलं पाह्यजे.