दोन साडू आणि हवेचा डबा

कारखान्यात त्यांना सगळे 'थोरले' म्हणत. आधी असं कुणी म्हणत नव्हतं. त्यांच्या मेहुणीचा नवरा त्यांच्याच शिफारशीवर तिथे नोकरीला लागला आणि पॅकिंगमधल्या कुणा टवाळाने दोघांची नावं ठेवली, थोरले जावई आणि धाकटे जावई. जणू कारखाना म्हणजे दोघांची सासुरवाडी. नावं चिकटली. थोरल्यांना त्यातलं 'जावई' खटकलं नाही, 'थोरले' खटकलं. थोरला म्हटलं की धाकटा आलाच, आणि इतकी वर्षं डिझाइनच्या खोलीत ते एकटेच राजे होते.

कारखान्यात हवेच्या उश्या बनत. नाव उशी असलं तरी डोक्याखाली घ्यायची नव्हे. जाड रबराची ही चपटी पिशवी उलटलेल्या गाडीखाली किंवा पडलेल्या भिंतीखाली सरकवायची आणि नळीने हवा भरायची. गाडी अलगद वर येते, खाली अडकलेला माणूस ओढून काढता येतो. हवा किती जाईल, कुठे थांबेल, परत कशी निघेल, हे सगळं ज्या डब्यातून चालतं तो डबा थोरले बनवत. लहान उशीला एक, मोठीला दुसरा, जोडीने लावायच्या उश्यांना तिसरा. डब्यांची अदलाबदल झाली तर उशी फाटायची. बचाव पथकाचे लोक कुरकुरत, "साहेब, गाडीत आम्हाला बसायला जागा नाही. सगळे तुमचे डबेच बसलेत."

शेवटी मालकीणबाईंनी फर्मान काढलं, सगळ्या उश्यांना चालेल असा एकच डबा हवा. थोरले हात धुऊन कामाला लागले. त्यांचा नवा डबा हुशार होता. कोणती उशी जोडली आहे हे तो आपलं आपण ओळखायचा. फक्त तो हलवायला दोन माणसं लागायची.

"आता हा उचलायला वेगळी उशी बनवायची का?" मालकीणबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. धाकटाही हसला. बाकीच्यांचं हसणं थोरले विसरले, त्याचं नाही.

पुढे काही महिन्यांनी धाकट्याने त्यांच्या टेबलावर एक डबा आणून ठेवला. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडासा मोठा.

"दादा, डब्याने उशी ओळखायची गरजच काय?" तो म्हणाला. "प्रत्येक उशीच्या तोंडाशीच तिचा व्हॉल्व्ह बसवला. जास्तीची हवा तिथूनच निघून जाईल. डब्याने नुसतं भरायचं आणि सोडायचं. कुठलीही उशी लावा, चालतंय."

थोरल्यांनी चष्मा पुसला, डबा उघडला, नळ्या ओढून पाहिल्या, चूक शोधशोध शोधली. सापडेना. इतकं सरळ, इतकं सोपं काम होतं की आपल्याला हे का सुचलं नाही या विचारानेच त्यांच्या पोटात कळ आली. "बरं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द निघाले हेच पुष्कळ झालं.

घरी बायकोला त्यांनी पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

"कशाने दुखतंय ते मला माहितेय," ती म्हणाली. "त्याचं औषध दुकानात मिळत नाही." तिने पांघरुणाची घडी जरा जोरातच आपटली. बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक आईकडून ऐकून तिचेही कान किटले होते, पण ते ती कबूल करणाऱ्यातली नव्हती. सासूबाईंना तर धाकट्याशिवाय दुसरा विषयच उरला नव्हता. थोरल्यांच्या डब्यांनी किती माणसं मरणाच्या दाढेतून ओढून काढली असतील, पण त्यांचं काम सासूबाईंनी एकदाच विचारलं होतं. सगळं समजावून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे पंक्चरवाल्यासारखंच की."

बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर नव्या डब्याची चाचणी ठरली. आदल्या दिवशी धाकटा पथकाच्या प्रमुखाला डबा शिकवत होता. डब्याला एकच दांडी होती. वर ढकलली की हवा भरते, खाली ओढली की निघते, हात काढला की दांडी आपसूक मधे येते आणि उशी आहे तशी राहते.

"पुरेसं वर आलं की तुम्ही फक्त ओरडायचं, सोड!" धाकटा म्हणाला. "दांडी सोडली की सगळं जिथल्या तिथे थांबतं."

सरावाला नवीन भरती झालेली मुलगी होती. तिने बरोबर दांडी सोडली.

थोरले दारात चहा पीत उभे होते. कप ओठांशीच राहिला. उद्या दांडीवर ही मुलगी नसणार, पथकातला जुना गडी पैलवान असणार. पैलवान आज रजेवर होता. त्याची उमर थोरल्यांच्या जुन्या डब्यांवर गेली होती, आणि जुन्या डब्यांवर 'सोड' म्हणजे हवा सोड. दुसरा अर्थच नाही. उद्या प्रमुख ओरडणार 'सोड', म्हणजे दांडी सोड. पैलवान दांडी खाली खेचून सगळी हवा सोडणार, आणि गाडी धाडकन खाली.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. थोरल्यांनी मनाशी हिशेब केला. गाडीखाली असणार वाळू भरलेला पुतळा. कुणाला खरचटणारही नाही. पुतळा फुटेल, पाहुण्यांसमोर धाकट्याची हवा निघेल, आणि मालकीणबाईंना आपल्या डब्याची आठवण होईल. त्यांनी चहा संपवला, कप विसळला आणि जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांचं पोट अजिबात दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी आवारात जुनी व्हॅन उभी केली होती. गावोगावचे बचाव पथकवाले आले होते. दोन्ही बाजूंच्या उश्या फुगल्या, व्हॅन वर आली, पुतळा आणायला माणूस वळला. तेवढ्यात धाकटा पुढे झाला.

"पुतळा कशाला? मीच झोपतो. आणि माणूस आहे म्हणून आधाराचे ठोकळे लावू नका, नाहीतर डब्याची परीक्षा कसली?"

टाळ्या पडल्या. तो सरकत व्हॅनखाली गेलासुद्धा.

थोरल्यांनी पुढच्या दोघांना बाजूला सारलं. ते पुढे झाले, तोंड उघडलं, तोच मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "थोरले, आज नको हं." आजूबाजूचे दोघे-तिघे गालात हसले. थोरल्यांचा जळफळाट सगळ्या कारखान्याला पाठ होता. थोरले ओशाळले आणि जागच्या जागी थांबले.

पैलवानाने दांडी वर ढकलली. व्हॅन आणखी वर आली. प्रमुखाने हात उंचावला, छाती भरून श्वास घेतला...

"थांब!" थोरले किंचाळले. "पैलवान, हात काढ! दांडीला हात लावू नकोस!"

पैलवानाचे दोन्ही हात वर गेले. व्हॅन तशीच राहिली.

"काय चाललंय?" प्रमुख भडकला. "मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!"

"आधी ठोकळे लावा," थोरले म्हणाले. ठोकळे लागल्यावर त्यांनी पैलवानाला विचारलं, "हे 'सोड' म्हणाले असते तर काय केलं असतंस?"

"हवा सोडली असती," पैलवान म्हणाला. "सोड म्हणजे आणखी काय करणार?"

प्रमुखाने एकदा दांडीकडे, एकदा व्हॅनकडे पाहिलं. धाकटा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. मग एकच गलका झाला. लोकांनी थोरल्यांचे हात धरले, पाठ थोपटली. मालकीणबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे 'सोड' फक्त हवेसाठी आणि दांडीसाठी 'थांब'. पाहुण्यांनी धाकट्याचा डबा पसंत केला. त्यात एकच खोट होती, तीही शब्दातली, आणि ती काढून दिली थोरल्यांनी.

हात धुवायला ते नळावर गेले. धाकटा मागून आला.

"दादा, प्रमुख खरंच बोलले नव्हते. तुम्ही आधीच ओरडलात."

"हो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"कालपासून."

धाकट्याने बराच वेळ साबण हाताला चोळला. "आत पुतळा असता तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण थोरल्यांना ते जमलं नाही. "गप्प बसलो असतो," ते म्हणाले.

धाकट्याने नळ बंद केला, हात पँटला पुसले आणि निघून गेला.

त्या रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमणार होते. आता तिथे आपला पंचनामा होणार, हे धरूनच थोरले बायकोमागून पायऱ्या चढले. पण धाकट्याने हकिकत आधीच सांगून टाकली होती, आणि ती भलतीच निघाली. दादांची नजर किती तीक्ष्ण, दादा ओरडले नसते तर मी आज या ताटावर नसतो, डब्याचं सोडा, डोकं दादांचं. दादांना आदल्या दिवसापासून ठाऊक होतं, एवढं मात्र त्याने गाळलं होतं. मेहुणीने रडत थोरल्यांचे हात धरले. बायको त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी लग्नाच्या नवलाईत बघायची. सासूबाईंनी पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे माझी लेक सुखी राहिली हो."

याच कौतुकासाठी थोरले इतकी वर्षं तडफडले होते. समोर धाकटा मान खाली घालून जेवत होता, एकदाही वर बघत नव्हता. थोरल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. आजवर त्यांनी धाकट्याच्या डोक्याचा हेवा केला होता. आता त्याच्या मनाचाही करावा लागणार होता.