मैनाने भात सोडला तेव्हा

भिसेगावच्या मैनाला लोक जाडी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कुणाच्या अंगाबद्दल आडून बोलायची गावाची रीतच नव्हती. तिच्या नवऱ्याने, भिवाजीने, बाजारातून नवी खाट आणली तेव्हा शेजारच्या सुंदराने पहिला प्रश्न विचारला, "पाय सागाचे हायत ना रं?" मैना सगळ्यांच्या आधी हसली. आपण आधी हसलो की दुसऱ्याच्या हसण्यातली धार जाते, हे जाड माणसाला लहानपणीच कळतं. शिवाय चिखलात उतरली की दोन बायांची लावणी ती एकटी ओढायची, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटत. एकूण तिच्या जाडेपणाचं कुणाला फारसं दुःख नव्हतं. तिलाही नव्हतं.

दुःख सुरू झालं ते धाकट्याच्या वेळी. पोट फाडून मूल काढावं लागलं. मूल वाचलं, आईही वाचली, पण वर्षभरात टाक्यांच्या जागी पोटावर एक गोळा दिसू लागला. खोकलं की बाहेर यायचा, आडवं झालं की आत जायचा. एकदा ऑपरेशन करून तो आत ढकलून शिवला, तर पुढच्या लावणीआधीच टाके सुटले. मग जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला करकचून बांधून मैना चुलीपुढे बसू लागली. वाकणं गेलं, हंडा उचलणं गेलं, शेत तर गेलंच. दोघींची लावणी ओढणारी बाई बांधावर बसून दुसऱ्यांच्या ओळी बघायची, आणि ते तिला पोटातल्या दुखण्याहून जास्त लागायचं.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. कर्जतला तेव्हा आठवड्यातून एकदा मुंबईचे एक सर्जन येत. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सरळ सांगितलं.

"बाई, मी शिवीन. पण एवढं ओझं अंगावर असताना शिवलेलं राहणार नाही. आणि तिसऱ्यांदा शिवायला तिथे काही उरणारही नाही. आधी वजन पंचाहत्तरवर आणा."

"आन् नाय आलं तर?"

"एखाद्या दिवशी आतडं त्या भोकात अडकेल. मग मी इथे असेन की नाही, सांगता येत नाही."

त्या दिवशी मैना ब्याण्णव किलो होती. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं: भात बंद, साखर बंद, तळण बंद. नाचणीची भाकरी, भाजी, ताक. रोज चालायचं, आणि दर आठवड्याला वजन करायचं.

भात बंद. हे दोन शब्द ऐकून सासू धोंडूबाई दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली. ज्या घरात भाकऱ्यांची चळत खाऊनही भात झाला नसेल तर माणूस "अजून जेवलो नाय" म्हणतो, त्या घरातल्या सुनेला डॉक्टरने भात बंद केला होता. म्हातारीला वाटलं, ही आता जगत नाही.

पण धोंडूबाई जितकी घाबरट तितकीच हट्टी. घरी आल्यावर तिने तांदळाचा डबा आपल्या उशाशी नेला आणि सगळ्यांना बजावलं, "मैनीला कुणी भाताचं शीत दावाल तर हात मोडीन." भिवाजी कुंभिवलीच्या एका कारखान्यात कामाला होता. तो एसटीने घरी येईस्तोवर संध्याकाळ व्हायची, तेव्हा पहाऱ्याचं काम म्हातारीकडेच राहिलं. तिने ते डोळ्यांत तेल घालून केलं.

वजन करायचं ते गावातल्या भातगिरणीत. गोणी तोलायचा लोखंडी काटा होता, त्याच्या फळीवर मैना उभी राहायची आणि गिरणीतला सखा वजनं सरकवायचा. शनिवारी भरडायला आलेली माणसं गोणीवर बसून तमाशा बघत. सखा मात्र चांगला माणूस. आकडा तो मोठ्याने सांगायचा नाही, वाकून सांगायचा. पहिल्या महिन्यात मैना चार किलो उतरली, दुसऱ्यात तीन. पट्ट्याची गाठ दोन बोटं आत आली. सुंदरा म्हणाली, "खाट वाचली गं तुझी." मैना हसली, आणि या खेपेला ते हसणं खरं होतं.

आणि मग काटा थांबला.

एक शनिवार गेला, दुसरा गेला, महिना गेला. पंच्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशी. मैना तेच खात होती, तेवढंच चालत होती, भूकही तीच होती, पण अंगाने जणू हट्टच धरला. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? गिरणीत कुणीतरी बोललंच, "लपूनछपून खात असंल." ते बोलणं घरी पोचलं. भिवाजीने जेवताना एकदा भाताचं पातेलं उचलून आत किती उरलाय ते पाहिलं. मैनाने ते पाहिलं. त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन रडली. चोरून खाल्लं असतं तर निदान पोट तरी भरलं असतं, असं तिला वाटलं.

डॉक्टरांकडे ती मान खाली घालून गेली. त्यांनीही विचारलंच, "काही सुटत नाहीये ना पथ्यातलं?"

"शेतातल्या देवीची आन घ्येते डाक्तर. तीन महिने झाले, भात तोंडात नाय."

"आज सकाळपासून काय खाल्लं?"

"काय बी नाय. नुसती पेज पिऊन आले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पेज कशाची?"

"आता कशाची असंल? तांदळाची."

"किती?"

मैनाने दोन्ही हातांनी वाडग्याचा आकार दाखवला. मागे उभ्या असलेल्या धोंडूबाईने अभिमानाने भर घातली, "दोन वाडगं. भात बंद हाय म्हनून घट्ट करते मी. तेवढाच जीवाला आधार."

डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. त्यांची आई रत्नागिरीकडची होती. ते म्हणाले, "चूक माझी आहे. आमच्या घरातही पेज पिणाऱ्याला कुणी जेवला म्हणत नाही. मला विचारायला हवं होतं." आणि मग त्यांनी समजावून सांगितलं, की त्या दोन वाडग्यांत ताटभर भात असतो, आणि पोटाला तो भातच असतो, तुम्ही त्याला जेवण म्हणा न म्हणा.

परतीच्या वाटेवर धोंडूबाई मैनाच्या मागे मागे चालत राहिली. डोळ्यांत तेल घालून पहारा केला आणि चोर तिच्याच हातातल्या पळीने आत शिरत होता. घर आल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्याच हातानं गं." मैनाला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट बरंच वाटलं. आपण खोटारडी नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

पेज बंद झाली. सकाळी चुलीवर पातेलं चढेनासं झालं, आणि काटा पुन्हा हलू लागला. पण ते दिवस पहिल्यापेक्षा जड गेले. भातावाचून मैना राहू शकत होती, पेजेवाचून सकाळ उजाडल्यासारखीच वाटेना. भाताचा वास आला की पहिल्या दिवसापासूनच तिच्या तोंडाला पाणी सुटे आणि डोळ्यांनाही. म्हणून पुरुषांच्या मागून सासूसुना एकत्र जेवायच्या, ती चाल तेव्हाच मोडली होती. मैना पडवीत आपली भाकरी घेऊन बसायची. धोंडूबाई म्हणायची, "मी पोरांसंगं जेवले." मैना मनात म्हणायची, थेरडी लपून भात खाते, मला दिसू नये म्हणून. चांगल्या मनाने करते हे कळायचं, तरी थोडा राग यायचाच. उपाशी माणसाचं मन असंच असतं, ते दुसऱ्याच्या ताटातली शितं मोजतं.

दिवाळी झाली, झोडणी झाली, भात घरात आला. अठ्ठ्याहत्तर किलोवर काटा दुसऱ्यांदा थांबला. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. या खेपेला पेजही नव्हती, चूकही नव्हती. डॉक्टर म्हणाले, "शरीर असं करतं. थोडं उतरलं की मध्येच बसून राहतं. तुम्ही चालू ठेवा, ते उठेल." सांगायला सोपं. पाच आठवडे ती तशीच उभी राहिली काट्यावर, आणि पाचव्या शनिवारी फळीवरून उतरून तिथेच एका गोणीवर बसली.

"झालं," ती म्हणाली. "मला नाय व्हायचं आता. आतडं अडकायचंय तर अडकू दे. मी आज घरी जाऊन भात खानार."

सखा वजनं पुन्हा जागेवर लावू लागला. सोबत आलेली धोंडूबाई मात्र गडबडली. सुनेला हसवावं म्हणून, की काय करावं ते सुचेना म्हणून, ती म्हणाली, "आगं, काटाच बिघडला असंल. थांब, माझं बघू." आणि लुगडं सावरून ती फळीवर चढली.

सखाने वजन सरकवलं. दांडी उठेना. आणखी मागे सरकवलं, मग मोठं वजन काढून लहान लावलं. म्हातारी भाताच्या भरल्या गोणीच्या निम्मीही भरली नाही. सखाने या वेळी आकडा वाकूनही सांगितला नाही. तो म्हणाला, "काकी, तुमी आजारी हाय का?"

"मी? मला काय धाड भरलीय?"

मैनाने वर पाहिलं. सासूकडे तिने किती दिवसांत नीट पाहिलंच नव्हतं. स्वतःच्या पोटाकडे बघण्यातच तिचे महिने गेले होते. धोंडूबाईची गळ्याची हाडं वर आली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू नयेत म्हणून तिने वर दोरा बांधला होता.

"आत्याबाय," मैना म्हणाली, "तुमी जेवता का नाय?"

"जेवते की."

"काय जेवता?"

धोंडूबाई फळीवरून उतरली. चोरी पकडलेल्या पोरासारखी इकडेतिकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, "तू भाताच्या वासानं डोळं पुसतीस आन् मी घास कसा गिळू गं? भात तवाच सोडला. पेजेवर भागत व्हतं. मंग माझ्या हातनं ती चूक झाली, तवा पेज बी सोडली. कोरभर भाकरी खाते, पानी पिते."

"मंग मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर तू मला खाऊ घातलं असतंस. आन् वाढता वाढता तुझाच जीव भातावर गेला असता."

गिरणीचा पट्टा धडधडत होता. मैनाला आपल्या मनातली ती थेरडी आठवली आणि तिने पदर तोंडात कोंबला. कुणाचं ताट आपण मोजत होतो, याची तिला अशी लाज वाटली की पुढे कितीतरी वर्षं ती लाज तशीच राहिली.

घरी जाऊन मैनाने खरंच भात रांधला. नव्या तांदळाचा, वाफाळता. त्यावर वालाचं बिरडं वाढलं आणि ताट सासूपुढे ठेवलं. स्वतः आपली नाचणीची भाकरी घेऊन त्याच ताटासमोर मांडी घालून बसली, पडवीत नाही. वास नाकात जात होता. गेला तर गेला.

"खावा," ती म्हणाली. "तुमी खाल्ल्याबिगर मी उठनार नाय. आन् उद्या सकाळी पेज बी करायची, तुमच्यापुरती."

धोंडूबाईने पहिला घास घेतला. तो गिळता गिळता ती रडली, आणि रडता रडताच दुसरा घेतला. मैना बघत राहिली. आपल्याला हवा होता तो भात दुसऱ्याच्या तोंडात जाताना बघून बरं वाटेल, असं तिला कुणी आधी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

काटा लगेच हलला नाही. आणखी तीन शनिवार तो तसाच राहिला, मग हलला. होळीनंतर ऑपरेशन झालं आणि टाके राहिले. त्या पावसाळ्यात मैना पुन्हा चिखलात उतरली, एकीच्याच वाटणीची लावणी ओढली, पण ओढली. धोंडूबाईच्या अंगावर मात्र पूर्वीचं मांस परत आलं नाही. चार वर्षांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मैनाचा त्यावर अजून विश्वास नाही.

आजही लग्नकार्यात कुणी मैनाला म्हणतं, "वयनी, तुमी बाकी भारी. केवढं उतरवलं." मग ती हसत नाही. म्हणते, "उतरलं ते समदं माझं नव्हतं. निम्मं आत्याबायचं हाय त्यात."