लांबलेली प्रार्थना

माझ्या प्रार्थनेचं लोक कौतुक करीत आणि मला ते फार आवडे. हे कबूल करायला आजही लाज वाटते, पण मला सांगायचं आहे त्याची सुरुवात तिथूनच होते.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी मिशनची बायबलबाई होते. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मिशनने रेवदंड्याला एक खोली दिली आणि खाडीपलीकडच्या गावांत बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम दिलं. महिनाअखेर वही लिहून मिशनचं काम पाहणाऱ्या गोऱ्या मडमबाईंना दाखवायची असे. कुठे गेले, कोणता पाठ वाचला, आत्म्यात काय वाढ झाली. ही शेवटची ओळ लिहिताना माझी लेखणी भलतीच रंगात येई. मी पहाटे उठून तासभर गुडघे टेकत असे, स्तोत्रं पाठ करीत असे, शुक्रवारचा उपास सोडत नसे. पण एक शंका सारखी टोचायची. उद्या मडमबाई बदलून गेल्या आणि वही बघणारं कोणी उरलं नाही, तर मी इतक्या पहाटे उठेन का? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मी टाळत होते.

त्या दिवशी मडमबाई स्वतः माझ्याबरोबर पलीकडच्या गावी आल्या होत्या. दुपारी परत धक्क्यावर आलो, तर होडीवाले महमदचाचा मुलाच्या मदतीने आपल्या सुनेला होडीत निजवत होते. पहिलटकरीण होती, सकाळपासून कळा चालू होत्या, मूल आडवं होतं आणि सुईणीने हात टेकले होते. तिला रेवदंड्याच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. ओहोटी लागलेलीच होती. चाचांनी वल्हं हातात घेतलं आणि मला म्हणाले, "बाई, पोरीसाठी देवाकडं दोन शब्द टाका. मग निघू."

मी होडीत चढून उभी राहिले, डोळे मिटले. "प्रभू, हिला वाचव. हिचं लेकरू वाचव." एवढं म्हणाले ते खरं होतं, त्या पोरीसाठीच होतं. तिथेच आमेन म्हणून बसायला हवं होतं. पण मडमबाई समोर हात जोडून बसल्या होत्या. माझा आवाज चढला. अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, सगळ्यांना मी एकेक करून त्या होडीत आणून बसवलं. मधेच डोळे किलकिले करून मडमबाईंचा चेहरासुद्धा पाहिला. त्या भारावल्या होत्या, म्हणून मी आणखी एक स्तोत्र जोडलं. पोर कण्हत होती आणि चाचा मान खाली घालून थांबले होते.

अखेर होडी सुटली. पण एव्हाना पाणी बरंच उतरलं होतं. रेवदंड्याचा काठ हाकेच्या अंतरावर आला आणि ती चिखलात रुतली. चाचा आणि त्यांचा मुलगा खाली उतरून ढकलू लागले, पण होडी तसूभर हलेना. भरती यायला संध्याकाळ होणार होती. पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते. मी प्रार्थनेसाठी तोंड उघडलं, तर एक शब्द येईना. एवढं पाठांतर, सगळं कुठे गेलं कोण जाणे. मनात एकच येत होतं, हिचा जीव मी घेतला.

तेवढ्यात चिखलातून चार-पाच कोळणी आमच्याकडे येताना दिसल्या. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, वेचायला रोज उतरणाऱ्या त्या बायका, कुठे पाय बुडतो आणि कुठे टणक लागतं ते त्यांना पक्कं ठाऊक. एरवी त्या खालच्या अंगाला असतात, असं चाचा नंतर म्हणाले. त्या दिवशी त्या इकडे का वळल्या, मला माहीत नाही. त्यांच्यातल्या एका म्हातारीने पोरीकडे एकदा पाहिलं आणि शीड सोडायला लावलं. शिडाच्या कापडात पोरीला निजवलं. मी नुसती उभी होते. म्हातारी खेकसली, "काय बघतेस गो बाय? धर तो कोपरा!"

मी धरला. गुडघाभर चिखल, लुगडं भिजून जड झालेलं, शिंपल्यांनी पाय कापलेले. हात जोडायला मोकळे नव्हते, आणि डोळे मिटले असते तर पडलेच असते. आत मात्र "वाचव, वाचव" एवढंच चाललं होतं. ती प्रार्थना कोणी ऐकावी असं मला वाटत नव्हतं. तसं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं.

आई वाचली. मुलगी झाली, तीही धडधाकट. दवाखान्याच्या ओट्यावर मडमबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या प्रार्थनेमुळेच त्या बायका आल्या." बसलेली माणसं माझ्याकडे आदराने पाहू लागली. खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. गप्प राहिलं की झालं. पण समोर चाचा उभे होते, पायांवर चिखल वाळलेला, आणि तेही माझे आभार मानायला हात उचलत होते. ते मला बघवेना. मडमबाईंच्या देखतच मी म्हणाले, "चाचा, होडी माझ्यामुळे रुतली. पोरीसाठी मागायचं ते दोन शब्दांतच मागून झालं होतं. पुढचं सगळं मी यांना ऐकवायला म्हटलं."

चाचांनी उचललेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "ओहोटी माज्या ध्यानात आलीवती, बाई. पन तुमी देवाशी बोलत व्हतात. मधी कसं बोलनार? मी त्याच्यासाठी थांबलो."

मला रडू कोसळलं. माझ्या प्रार्थनेत देवासमोर खरोखर उभा होता तो हा माणूस, सून कण्हत असताना. मी तर मडमबाईंसमोर उभी होते. माझ्या दिखाऊपणाची शिक्षा प्रभूने त्या पोरीला होऊ दिली नाही, याचे उपकार कसे मानावेत तेही मला कळत नव्हतं. आपण किती वाढलो हे आपण पाहू नये, ते त्याच्यावर सोडावं, एवढं मात्र तिथे बसल्या बसल्या उमगलं.

चाचा आत गेले. मला वाटलं, आता हे माझं तोंडही पाहणार नाहीत. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली नात होती. "घ्या, बाई," म्हणून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. कृपा म्हणजे काय हे मी गावोगावच्या बायकांना कितीदा तरी समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी ती माझ्या मांडीवर होती, आणि मला तिच्याकडे नुसतं बघत बसण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं.