आत्याचं रेशमी सोवळं

परवा जुन्या रेशमी लुगड्यावर इस्त्री फिरवली आणि त्या उग्र वासानं मी थेट परतूरच्या स्वयंपाकघरात पोचले. सणाचा दिवस होता. आत्या सोवळ्यात पुरण वाटत होती. सुताला विटाळ होतो, रेशमाला होत न्हाई, हा तिचा कायदा.

म्हैसूरकडच्या रेशमाच्या गावी नोकरीला असलेले काका सहज बोलून गेले, "आक्का, तू नेसलीस त्या रेशमासाठी तिथं जित्ते किडे उकळून राह्यलेत."

वरवंटा थांबला. भुकेली पंगत थिजली. आता सगळा स्वयंपाक गाईपुढं जाणार!

आत्यानं विचारलं, "उकळायचं पाणी तरी सोवळ्यातलं असतं का रे?"

काकांनी पुरणाकडं पाहिलं. "बिलकुल!"

वरवंटा पुन्हा फिरला. तेव्हा वाटलं, आत्या फसली. आता वाटतं, सकाळपासून तीही उपाशीच होती.