यानावरची डॉक्टरीण

महाल भागातल्या त्या खोलीत आम्ही चौघी राहायचो. तिघी कॉलेजच्या पोरी, इकडच्याच. आणि मी रत्नागिरीकडची, आठवीत शाळा सुटलेली, धंतोलीतल्या एका दवाखान्यात आयाचं काम करणारी. रविवारी दुपारी लॅपटॉपवर अंतराळातली मालिका लागायची. पहिल्याच रविवारी त्यांनी गादीवर सरकून मला जागा दिली. माझ्यासाठी हिंदी आवाज लावला. ते उपकार मी विसरलेले नाही.

हसायचं कुठे ते मला कळायचं नाही. मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, मग हसायचे.

पण एक पात्र मात्र माझं होतं. यानावरची डॉक्टरीण. पेशंटला कुशीवर वळवताना ती आधी त्याच्या खांद्याखाली हात घालायची, अगदी आम्ही घालतो तसा. ती दिसली की मी पुढे सरकून बसायचे, आणि दोन महिने त्यांच्यापुढे तिचंच कौतुक करायचे.

भाग संपला की तिघी भांडायच्या. राणी जास्त मूर्ख की कप्तान? उडता घोडा अंतराळात श्वास कसा घेतो? "लॉजिक नको लावू नं वं, घोडा मस्त आहे!"

मालिका संपली त्या रविवारी चिठ्ठ्यांचा खेळ निघाला. आपण यानावर असतो तर कोण असतो? स्वतःचं लिहायचं नाही, बाकीच्या तिघींचं लिहायचं. लिहिताना मी मनात एकच घोकत होते. डॉक्टरीण मिळू दे, बाकी काही नको.

एकीला कप्तान मिळाला, दुसरीला राणी. तिसरीला, सुई बघूनच जिला चक्कर येते तिला, डॉक्टरीण. "चष्मा आहे नं तिले, शोभते!"

माझ्या तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच. रोबो. फरशी पुसणारा, ट्रे नेणारा, कधी न बोलणारा तो डबा.

"अवं ताई, सगळ्यात क्यूट तोच आहे! त्याच्याबिगर यान चालन का?"

"मला वाटलं, डॉक्टरीण..."

"तू? तुले इंजेक्शन देता येते का?"

येत नाही. आयाने द्यायचंच नसतं.

"काहून तोंड पाडून राहिली वं? मजाक आहे नं!"

मजाकच होती. त्या दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, रागवता तरी आलं असतं. तिघींनी तीन कोपऱ्यांत बसून, एकमेकींना न विचारता, तेच लिहिलं होतं.

आता रुसले तर पुढच्या रविवारी नवी मालिका लागेल तेव्हा गादीवर जागा राहील का, एवढंच डोक्यात आलं. मी थँक्यू म्हटलं. आज सगळ्यात जास्त चीड त्या थँक्यूचीच येते. मग उठले, ट्रे घेतला, चहा टाकला. मागून कोणीतरी यंत्राचा आवाज काढला, टुंई टुंई. मीही काढला, आणि मान रोबोसारखी झटक्यानं वळवली.

तिघी गादीवर लोळून हसल्या. तेव्हा मात्र हसायचं कुठे, हे मला कोणाच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागलं नाही.