सरळ या म्हटल्याशिवाय

आयुष्यात कुठेही सरळ न गेलेला आणि तरीही कधी वाट न चुकलेला माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे थोरले मामा. ते विमान चालवायचे. निवृत्त होऊन कोरगावला राहायला आले, तेव्हा त्यांनी दारावर हुद्द्याची पाटी लावली नाही, की लग्नकार्यात पहिल्या रांगेतली खुर्ची मागितली नाही. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या माणसांचं जे काही पाहण्यात येतं, त्या मानाने हे फारच साधं. त्यांनी येताना आणला तो फक्त एक नियम, आणि तो साऱ्या पेडणे तालुक्याला लागू केला.

नियम असा. विमानतळाकडे तुम्ही उलट्या बाजूने आलात आणि ढगांमुळे खालचं काही दिसत नसेल, तर थेट उतरायचं नाही. खालच्या रेडिओ-खुणेच्या डोक्यावरून पुढे निघून जायचं, लांब जाऊन वळायचं आणि मग धावपट्टीच्या रेषेत परत यायचं. मात्र खालच्या माणसाने ‘सरळ या’ म्हणून सांगितलं, तर वळसा घालायचा नाही. “तेव्हा घातला तर तो गुन्हा,” मामा बोट उगारून सांगत. आकाशात हे शहाणपणाचंच असणार. मामा ते स्कूटरवर पाळायचे.

आमच्या घरी ते येत तेव्हा आधी फाटकासमोरून ताठ मानेने निघून जात. आम्ही हात हलवायचो, ते बघायचेही नाहीत. पुढच्या ओढ्यावरच्या साकवापर्यंत जाऊन वळायचे, तुळशीच्या रेषेत यायचे आणि मग, “अरे, घरात आहात होय!” सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालाही त्यांनी एकदा साकवापर्यंत पिटाळलं होतं. “मामा, पाव थंड जातले!” तो सायकलवरून ओरडला. “थंड पाव चालतील, चुकीच्या बाजूने आलेले नकोत,” मामा म्हणाले.

माझ्या लग्नात मला मंडपापर्यंत आणण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं. मुंडावळ्या बांधून मी त्यांच्या गाडीत बसलो. मंडप आला, सनई चढली, सासरे ओवाळणीच्या ताटासकट पुढे झाले आणि आमची गाडी त्यांच्या अंगावरून वारा घालत निघून गेली. मागून सासऱ्यांचा आवाज आला, “धाव रे, जावई पळालो!” अर्धी वरात गाडीमागे धावली. वळून परत आलो तेव्हा तीच माणसं घाम पुसत रस्त्याच्या कडेला उभी होती. मामांनी त्यांना शांतपणे विचारलं, “तुम्ही कुठे निघालात?”

एकाच घरापाशी मात्र त्यांचा वळसा कधी पुरा होत नसे. डिचोलीचं ते घर त्यांच्या धाकट्या भावाचं. धाकट्या मामांचे खनिजाचे ट्रक होते. घर, अंगण, वाळत घातलेले कपडे, सगळं त्या धुळीने तांबडं. दोघा भावांची आई धाकट्यांकडेच असायची. ती गेली त्या दिवशी थोरले मामा विमानात होते. खाली धुकं, उतरायची परवानगी नाही, वर घिरट्या घालणं चाललेलं. ते डिचोलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. “थांबलास का नाही?” एवढंच त्यांनी भावाला विचारलं. “तू वर फिरत होतस,” भाऊ म्हणाला. तिथपासून बोलणं बंद.

तरी दर वर्षी गणेशचतुर्थीला ते मला स्कूटरवर मागे बसवून डिचोलीला नेत. घर ओलांडायचं, ट्रक उभे असत तिथे वळायचं, फाटकाच्या रेषेत यायचं आणि ऐन वेळी वेग वाढवून निघून जायचं. “धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचं असतं,” ते म्हणत.

“दरवाजा सताड उघडा होता, मामा.”

“दरवाजा दिसला. माणूस दिसला नाही.”

आरतीचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा आणि आम्ही प्रसादाशिवाय कोरगावला परतायचो.

शेवटी माझी बायको एकदा चतुर्थीच्या आदल्या दिवशीच डिचोलीला जाऊन राहिली. धाकट्या मामांना तिने तो नियम समजावला. ते उखडले. “मी कित्याक बोलवू? घर तेचाच असा!”

“ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना कोणी सांगितलंय?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे घर ओलांडायला निघालो, तर फाटकात धाकटे मामा. सोवळ्यात, उघडे, हातात आरतीची घंटा. त्यांनी ती एसटी थांबवावी तशी हलवली आणि ओरडले, “दादा, सरळ यो!”

ब्रेक असा लागला की मी मामांच्या पाठीवर आदळलो. त्यांनी हँडल फाटकाकडे वळवलं. मग मला म्हणाले, “आता वळसा घालणं नियमात बसत नाही.” त्यांचा आवाज काही सरळ नव्हता. आत दोघे भाऊ आईविषयी अवाक्षर बोलले नाहीत. नेवऱ्यांच्या सारणात गूळ जास्त झालाय की कमी, यावरच भांडले, अगदी पोटभर.

आता थोरले मामा नाहीत. त्यांची स्कूटर आमच्या पडवीत असते. ते गेल्यानंतर एका सकाळी धाकट्या मामांची जीप फाटकासमोर आली आणि न थांबता पुढे गेली. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. जीप साकवापाशी वळताना दिसली, तसं मिटून घेतलं. त्यांना तो वळसा सावकाश, पुरा घालू दिला.